मदत हवी आहे: २२ वर्षं सीनियर असलेल्या काकांना चूक सांगायची कशी?

नमस्कार मंडळी, भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आहे, टर्निंगचं (लेथवर धातू फिरवून गोल कापायचं) काम. मी डिप्लोमावाला, वय २८, जानेवारीपासून शिफ्ट सुपरवायझर केलंय. आमच्याकडे एक काका आहेत, सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) २२ वर्षं, इन्सर्ट (कापणारं टोक) घासायला लागला की नुसत्या आवाजावरून ओळखतात, मला ऑफसेट (मशीनमध्ये मापाची दुरुस्ती) द्यायला त्यांनीच शिकवलं.

तर दर तासाला ५ पीस मायक्रोमीटरने मोजून इन्स्पेक्शन शीटवर रीडिंग लिहायचं असतं. शाफ्टचा डाया (व्यास) २४.९८ ते २५.०० मिमीमध्ये पाहिजे, इनमीन २० मायक्रॉन, आणि इन्सर्ट झिजतो तसा डाया वाढत जातो, म्हणून तर तासातासाला बघायचं. काका शिफ्ट संपताना सगळा कागद एकदम भरतात. कसं कळलं? बाकीच्यांच्या शीटवर कूलंटचे डाग, तेलकट अंगठे असतात, यांची शीट लग्नपत्रिकेसारखी करकरीत आणि आठही तास २४.९९.

मागच्या आठवड्यात कस्टमरकडून लॉट परत आला, डाया मोठा. माझं डोकं फिरलेलं, शिफ्ट बदलताना सगळ्या पोरांसमोर शीट फडकवून "काका, ही काय घरी बसून भरता का" असं बोलून गेलो. लगेच जीभ चावली पण गेलं ते गेलं. तेव्हापासून मला अरेतुरे करणारा माणूस "हो साहेब, बरं साहेब" करतोय, चहाला पण वेगळे बसतात.

मग ट्रेनिंगमधलं ते सँडविच आठवलं, आधी कौतुक मग चूक मग परत कौतुक. "काका तुमचा अनुभव..." एवढं म्हणालो तर मधेच तोडून म्हणाले, कारलं साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, काय ते सरळ बोला साहेब. पुढे मला सुचलंच नाही.

माफी एकट्यात मागू की चारचौघात? आणि त्यानंतर शीटचा विषय काढायचा कसा, कारण शीट तर भरायलाच पाहिजे, एप्रिलमध्ये त्यांचं अप्रायझल पण मलाच लिहायचंय.

प्रतिसाद
३० वर्षं शॉपवर काढलीत म्हणून सांगतो. अपमान चारचौघात केलात ना, मग माफी पण तिथेच, एका वाक्यात. शीटचं मात्र एकट्यात, मशीनपाशी. एसबीआय म्हणून पद्धत आहे (बँक नव्हे), सिच्युएशन, बिहेविअर, इम्पॅक्ट. म्हणजे कधी, काय केलं, त्याने काय झालं, बस. "तुम्ही निष्काळजी आहात" असलं काही नाही. "त्या शिफ्टला रीडिंग शेवटी भरली, डाया मधेच वर गेला तो कळला नाही, लॉट परत आला" इतकंच. पण त्याआधी विचारा तरी, का नाही मोजत? एवढा जुना माणूस उगाच टाळत नाही.

धागाकर्ता
विचारलं आज. मायक्रोमीटर एकच, तो क्यूसीच्या (क्वालिटी तपासणीच्या) टेबलवर आणि काकांची मशीन पार शेवटच्या कोपऱ्यात. पीस घेऊन जा, नंबर लावा, तोवर मशीन उभी, आणि टार्गेट कमी पडलं की बोलणार परत मीच. हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं म्हणे. दुसऱ्या मायक्रोमीटरची इंडेंट (खरेदीची मागणी) टाकलीय, माफी उद्या सकाळी. चहा अजून वेगळाच आहे.