ऑफिसच्या कामाला दोन मॉनिटर हवेतच का?

जमाखर्च:
नवा लॅपटॉप घेताना लोक रॅम, एसएसडी, प्रोसेसर सगळं खोदून खोदून विचारतात, पण त्याला मॉनिटर किती आणि कसे लागणार हे कोणी विचारत नाही. माझं ठाम मत आहे, अकाउंट्सवाल्याला लॅपटॉप सोडून दोन मॉनिटर हवेतच. १४ तारखेला जीएसटीआर-२बी (सप्लायरांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर बनणारी आपल्या खरेदीची यादी) आलं की डावीकडे ते, उजवीकडे आपलं खरेदीचं रजिस्टर आणि समोर लॅपटॉपवर टॅली. सप्लायरने एकीकडे बिल नंबर ०४५ टाकलेला असतो, दुसरीकडे नुसता ४५, कोणी मधे वर्षही घालतो, तिथे एक्सेलचा दोन याद्या जुळवणारा व्हीलुकअप हात टेकतो, मग डोळ्यांनीच जुळवत बसायचं आणि २० तारखेच्या आत ३बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायचं. हे ऑल्ट-टॅब करत करायचं म्हणजे डोक्याला ताप, खिडकी बदलेपर्यंत आकडा निसटतो. २४ इंची फुल एचडी दोन घ्या, आयपीएस पॅनल (बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारं), स्टँड वरखाली होणारं. बस.

हिंजवडी_फेज२:
अजिबात पटलं नाही. दोन मॉनिटर म्हणजे बरोब्बर नाकासमोर दोन्हीच्या कडा आणि मान दिवसभर कुठल्यातरी एका बाजूला वळलेली. एकच २७ इंची घ्या, २५६० बाय १४४० पिक्सेलवाला, विंडोजचं बटण आणि बाण दाबला की दोन खिडक्या शेजारी शेजारी बसतात. (२७ इंचात फुल एचडी मात्र घेऊ नका, अक्षरं फाटल्यासारखी दिसतात.) त्यात टाइप-सी वाला आणि ६५ वॅट देणारा मिळाला तर एकाच वायरीत चित्र पण आणि चार्जिंग पण.

जमाखर्च:
२५६० चे दोन भाग केले की एका खिडकीला १२८० उरतात. त्यात जीएसटीआयएन, पार्टीचं नाव, बिल नंबर, तारीख, करपात्र रक्कम, आयजीएसटी, सीजीएसटी, एसजीएसटी एवढे कॉलम वाचता येतील असे बसवून दाखवा. दर ओळीला आडवं सरकवावं लागतं आणि चूक नेमकी तिथेच होते. कोडिंगला पुरत असेल, आमच्या कामाला नाही पुरत.

आयटी_डेस्क:
दोन की एक हे नंतर, आधी लॅपटॉपचं पोर्ट बघा. दुकानात सांगतात टाइप-सी आहे म्हणजे सगळं चालतं, तसं नसतं हो. काही टाइप-सी पोर्टांतून फक्त डेटा आणि चार्जिंग जातं, चित्र जातच नाही. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या माहितीत डिस्प्लेपोर्ट किंवा थंडरबोल्ट (टाइप-सी मधून चित्र पाठवायच्या पद्धती) लिहिलंय का ते वाचा, थंडरबोल्ट ४ असेल तर ४के चे दोन मॉनिटर ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांवर, चालतात. आणि ४के घेणार असाल तर स्वस्तातला हब (एका टाइप-सी ला अनेक पोर्ट जोडणारी डबी) टाळा, त्यातलं एचडीएमआय बऱ्याचदा ३० हर्ट्झलाच अडकतं आणि माउसचा बाण अडखळत चालतो, आठ तास असं काम केलं की डोळे दुखणारच.

नेहा_ठाणे:
मॅकवाल्यांनी तर दोनदा विचार करा. एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच मॉनिटर जोडता येतो, एम३ ला दोन जोडता येतात पण झाकण बंद करून, झाकण उघडं ठेवून दोन हे २०२५ च्या एम४ पासून. दोन एचडीएमआय असलेला साधा हब लावलात तर दोन्हीकडे तेच चित्र येतं, विंडोजवर त्याच हबवर वेगवेगळं येऊ शकतं, मॅकवर नाही. पण म्हणून जुना एअर टाकून द्यायची गरज नाही, डिस्प्लेलिंकवाला डॉक (युएसबीवरून जादा मॉनिटर चालवणारा डबा) घ्या, मी रोज त्यावरच काम करते, मेल, शीट, मीटिंग सगळं व्यवस्थित चालतं.

आयटी_डेस्क:
डिस्प्लेलिंकला माझा विरोध आहे. त्याचा ड्रायव्हर टाकावा लागतो, ऑफिसच्या लॅपटॉपवर अ‍ॅडमिनचे अधिकार तुमच्याकडे नसतात, मॅकवर तर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते आणि तीच सिक्युरिटीवाले अडवतात. शिवाय चित्र प्रोसेसरने आवळून युएसबीवरून पाठवायचं, म्हणजे तेवढा भार लॅपटॉपवर आलाच.

नेहा_ठाणे:
परवानगी एकदा मागून घेता येते की. शीट आणि मेलला तो भार जाणवत पण नाही. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने घेऊ नये हे मान्य.

मिरज_जंक्शन:
तुम्ही सगळे वीज गृहीत धरून बोलताय. आमच्याकडे लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो पण दोन्ही मॉनिटर बंद, सगळ्या खिडक्या लॅपटॉपवर येऊन एकमेकींवर पडतात, परत लावत बसा. त्यापेक्षा लॅपटॉप स्टँडवर उचलायचा आणि शेजारी एकच २४ इंची. घरून काम करणाऱ्याला टेबल तरी केवढं असतं?

जमाखर्च:
टेबलचा मुद्दा खरा आहे, तिथे भिंतीवर किंवा आर्मवर लावणं हाच उपाय, फक्त मॉनिटरच्या पाठीला १०० बाय १०० चे स्क्रूचे होल आहेत का बघून घ्या. विजेचं म्हणाल तर २४ इंची मॉनिटर साधारण २० ते २५ वॅट खातो, साधा ६०० व्हीएचा यूपीएस दोन मॉनिटर आणि राउटर आरामात सांभाळतो. आणि विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायचा पर्याय आहे तो चालू करा, मॉनिटर परत आला की खिडक्या आपापल्या जागी जातात. एका मॉनिटरवर २बी जुळवायला मी तरी तयार नाही.