सभागृह हवे असेल तर भाषणाची प्रत आगाऊ द्यायची का?

दांडिया बाजार (प्रश्न)
बडोद्यातील आमच्या महाविद्यालयात मराठी विद्यार्थ्यांचे वाचनमंडळ आहे. शुल्कवाढीवर परिसंवाद घेण्यासाठी आम्ही सभागृह मागितले, तेव्हा कार्यालयाने अर्ज आठवडाभर आधी द्यावा, ध्वनिक्षेपक रात्री आठला बंद करावा आणि प्रत्येक वक्त्याच्या भाषणाची लेखी प्रत आगाऊ सादर करावी, अशा अटी घातल्या. पहिल्या दोन अटींविषयी आमची तक्रार नाही. तिसरी अट घालण्याचा अधिकार त्यांना पोहोचतो का?

रावपुरा
सभागृह मिळणे हा मूलभूत हक्क नव्हे, हे आधी मान्य करावे लागेल. रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग या 1969 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, भाषणाचे आणि सभेचे स्वातंत्र्य असले तरी ते दुसऱ्याच्या ताब्यातील जागेत मनाला येईल तसे बजावता येत नाही. शिवाय खुर्च्या मोडल्या तर भुर्दंड संस्थेलाच बसतो. (संस्थेच्या कार्यालयात मी काही काळ काम केले आहे, तेव्हा हे पक्षपाती मत समजा.)

प्रतापनगर
वेळ, आवाज आणि अनामत यांपुरते रावपुरेकरांचे म्हणणे मला पटते, त्यापुढे नाही. हिंमतलाल शहा विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त या 1972 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सभेच्या परवानगीचा नियम रद्द केला, कारण परवानगी कोणत्या निकषांवर नाकारायची हे त्यात कुठेच नव्हते आणि सारे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडले होते. तो निकाल सार्वजनिक रस्त्यांविषयी होता, सभागृहाविषयी नव्हे. तरीही संस्था सरकारी असेल तर घटनेतील समानतेविषयीच्या अनुच्छेद 14 नुसार तिला मनमानी करता येत नाही. संस्था निव्वळ खासगी असेल, तर घटनेचा आधार सहजासहजी मिळणार नाही.

म्हणून आधी एवढेच विचारा की, ही अट छापील नियमावलीत आहे का, आणि स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांकडूनही भाषणाची प्रत घेतली होती का. सरकारी संस्थेला 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली सर्वसाधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते.

कार्यालयाची भीती मात्र अगदीच निराधार नाही. 2007 साली याच शहरात ललितकला विद्याशाखेत परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवर बाहेरच्यांनी आक्षेप घेतला आणि अटक विद्यार्थ्याला झाली. पण अशा वेळी बंदोबस्त दंगा करणाऱ्यांचा करायचा असतो, वक्त्याच्या कागदांचा नव्हे.

दांडिया बाजार
आभारी आहे. नियमावलीत ही अट नाही, हे आजच पाहिले. विषय आणि वक्त्यांची नावे देऊन नवा अर्ज करतो. परवानगी नाकारली तर कारण लेखी मागू.