आधी तबकडी लाखेची की व्हायनिलची ते पाहावे
जुन्या ग्रामोफोन तबकड्या कशा स्वच्छ कराव्यात, या प्रश्नावरील एका प्रतिसादात आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांचे मिश्रण सर्वच तबकड्यांसाठी सुचवले आहे. व्हायनिल या प्लास्टिकच्या एलपीसाठी (लाँग-प्ले तबकड्यांसाठी) ते सौम्य प्रमाणात चालते. परंतु मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या बहुतांशी लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश तयार करतात, हे आठवले तरी पुरे. आमच्या ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या घरी, माळ्यावरच्या एकाच पेटीत दोन्ही प्रकार निघाले आणि घाईत एक तबकडी माझ्याच हातून कायमची खरखरीत झाली.

एलपीसाठी मी चार भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग अल्कोहोल आणि छायाचित्रांच्या फिल्म धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता सारखे पसरवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब घेतो. नळाच्या पाण्यातील क्षार वाळल्यावर खाचांतच बसतात, आणि भांड्यांच्या साबणातील रंग-सुगंधाचेही तेच, म्हणून शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसणे मी कधीच टाळत नाही. कापड खाचांच्या दिशेने फिरवावे व लेबल कोरडे ठेवावे. लाखेच्या तबकड्यांसाठी विकतचे द्रावण घेणार असाल, तर ते अल्कोहोलविरहित असल्याचे बाटलीवर वाचूनच घ्यावे.