काजूच्या बागेतून आल्यावर अंगाला रुतलेली गोचीड कशी काढावी?

माझे वडील गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूचे बोंडू (फळे) वेचायला जातात. काल त्यांच्या गुडघ्यामागे तिळाएवढी गोचीड रुतलेली दिसली. घरात कोणी रॉकेल लावा म्हणतात, कोणी चटका द्या म्हणतात. नेमके काय करावे?

प्रतिसाद १
यांपैकी काहीही करू नये, कारण डिवचलेली गोचीड आपली लाळ जखमेत सोडण्याचा धोका असतो. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला अगदी कातडीलगत धरावे, न पिळता सरळ वर ओढावे आणि जागा साबणाने धुवावी. बोटांनी चिरडू तर मुळीच नये.

प्रतिसाद २
माझ्या मते खरी काळजी पुढेच आहे. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात प्रथम आढळलेला माकडताप, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा विषाणूजन्य ताप, २०१५ साली सत्तरी तालुक्यातही आला, आणि त्याचा हंगाम नेमका काजूचाच असतो. चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत अचानक ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली, तर सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन गोचीड चावल्याचे आपणहून सांगावे. अन्यथा संशय आधी डेंग्यूवरच जातो.

प्रतिसाद ३
बागेत जाताना पायांना डेपा तेल (गोचिडींना दूर ठेवणारे तेल) लावावे, आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात टाकावेत. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता कळवावे.