कारवान, पश्मी आणि सोलापूरचा उन्हाळा

कुणीतरी विचारलंय की कारवान आणि पश्मी या कुत्र्यांच्या वेगळ्या जाती आहेत का, आणि सोलापुरात पाळायला हस्की बरा की मुधोळ.

वेगळ्या जाती नाहीत, दोन्ही मुधोळ कुत्र्याचेच केसांवरून ओळखायचे प्रकार. गुळगुळीत आखूड केसांचा तो कारवान. कान, शेपूट, पायांवर रेशमी झालर असेल तर पश्मी. मुधोळ हे बागलकोट जिल्ह्यातल्या गावाचं नाव. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली. खांद्याशी उंची साधारण ६५ ते ७२ सेंटीमीटर, डोकं लांबट, छाती खोल, पोट आत ओढलेलं. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हीच तब्येत, तेव्हा 'खायला घालत नाहीत वाटतं' म्हणणाऱ्यांचं ऐकून तूप-पोळी चारू नका.

हा नजरेनं शिकार करणारा कुत्रा. मांजर पळालं की हाक ऐकत नाही, म्हणून होटगी रोडसारख्या रहदारीत मोकळा सोडू नये. मान डोक्याइतकीच रुंद असल्याने साधा पट्टा मागे खेचताच निसटतो. ओढल्यावर आवळणारा रुंद पट्टा घ्या. अनोळखी माणसानं डोक्यावर हात फिरवलेला त्याला खपत नाही. नसबंदीच्या वेळी डॉक्टरांना जात आवर्जून सांगा, कारण अंगात चरबी कमी असल्याने थायोपेंटोनसारख्या भुलीतून हे कुत्रे फार उशिरा शुद्धीवर येतात.

हस्की सैबेरियातल्या चुकची लोकांचा, बर्फात गाडी ओढणारा. दुहेरी केस, आणि इथे मे महिन्यात पारा ४३ अंशांवर! केस भादरले तर उन्हापासूनचं संरक्षणही जातं. एसी दिवसभर चालवणार असाल तरच विचार करा.