मदत हवी आहे: मॅग्नेटचं फील्ड सेन्सरपासून अडवायचंय, लोखंडी पत्रा किती जाड लागंल?

नमस्कार मंडळी, लातूरला आमची छोटी दाळमिल हाय. तुरीतले खिळे-तारा धरायला हॉपरखाली निओडिमियमचा मॅग्नेट बसवलाय, अन् तिथून तीनच इंचावर शाफ्टचे फेरे मोजायचा हॉल सेन्सर (मॅग्नेटचं फील्ड ओळखणारा) हाय, तो आता लै येड्यासारखे आकडे दाखवायलाय.

आधी मधी ॲल्युमिनियमचा पत्रा लावला, काही फरक नाही. मग ३०४ स्टेनलेसचा, तोबी तसाच, त्याला मॅग्नेटच चिकटना म्हणल्यावर तो काय अडवणार म्हणा! शेवटी १ मिमीचा साधा लोखंडी पत्रा लावला तेव्हा कुठं थोडं कमी झालं, पण पत्र्याच्या पलीकडल्या बाजूला टाचणी अजून चिकटायलीय.

मी वाचलं की लोखंड फील्डला भिंतीसारखं थांबवत नाही, स्वतःतून वळवून नेतं, अन् साधं स्टील साधारण २ टेस्लाच्या (फील्ड मोजायचं एकक) आसपास भरलं की उरलेलं बाहेर सांडतं. म्हणजे माझा पत्रा भरूनच गेलाय का? ३ मिमी घ्यावा का मधी फट ठेवून दोन पातळ पत्रे? म्यू-मेटल (फील्ड अडवायला वापरतात तो निकेल-लोखंडाचा मिश्रधातू) तर ०.८ टेस्लालाच भरतं म्हणे, मग मॅग्नेटजवळ त्याचा काय उपयोग, अन् महागबी हाय.

दुसरं, पत्रा मॅग्नेटच्या पाठीला लावू का सेन्सरभोवती डबी करू? डबी केली तर सेन्सरसमोर फिरणारा शाफ्टवरचा बारका मॅग्नेटबी आतच घ्यावा लागंल ना? अन् पाठीला लावल्यानं खिळे धरायची ताकद कमी व्हायला नको. कुणी केलं असंल तर सांगा राव, सीझन तोंडावर आलाय.