मदत हवी आहे: जप्त जहाजाचा ‘राखणदार’ म्हणून भाच्याने सही करावी का?

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा व्यापारी जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. त्याचे जहाज गेले पाच महिने आखातातील एका बंदराबाहेर नांगरून पडले आहे. मालकाने इंधनाचे बिल थकवले, म्हणून पुरवठादाराने तिथल्या न्यायालयातून जहाजावर जप्ती आणली आणि त्यानंतर मालकाने फोन उचलणेच बंद केले. तेरा जणांपैकी आता पाच जण उरले आहेत. चीफ ऑफिसर आधीच उतरले होते आणि गेल्या महिन्यात कॅप्टनही आजारपणामुळे घरी गेले. आता बंदरातल्या एजंटाने भाच्यापुढे एक अरबी कागद ठेवला आहे. न्यायालयाचे काम संपेपर्यंत जहाजाचा कायदेशीर राखणदार म्हणून त्याने त्यावर सही करावी, असे त्याला सांगितले जात आहे. त्यासाठी सोमवारपर्यंतची मुदत आहे.

जहाजावर दिवसातून दोनच तास जनरेटर चालवतात, कारण डिझेल संपत आले आहे. त्या दोन तासांत स्वयंपाक उरकायचा, मोबाइल चार्ज करायचे आणि एसीतून ठिबकणारे पाणी बादल्यांत साठवून घ्यायचे. भाचा ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षाच्या, एका टोकाला, जिथे किनाऱ्यावरचे नेटवर्क कसेबसे पोहोचते तिथे, उभा राहून आईशी बोलतो. सात महिन्यांचा पगार थकला आहे, हे त्याने तिला इतके दिवस सांगितलेही नव्हते. बहीण धायरीला एकटी राहते आणि घराचा हप्ता त्याच्याच पगारातून जातो.

मी शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात बरीच वर्षे इंग्रजी-मराठी कायदेशीर भाषांतराचे काम केले. मी वकील नाही, पण कायद्याचा मजकूर वाचायची सवय आहे, म्हणून गेले दोन आठवडे याच विषयाचे वाचन करतो आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा सागरी कामगार करार, २००६, ज्याला जहाजावरचे लोक एमएलसी म्हणतात, तो २०१३ साली अमलात आला आणि २०१५ साली भारतानेही स्वीकारला. २०१७ पासून लागू झालेल्या सुधारणांनुसार, मालकाने घरी पाठवण्याचा खर्च उचलला नाही, किंवा अन्न-पाणी-इंधनावाचून ठेवले, किंवा किमान दोन महिन्यांचा पगार थकवून संबंध तोडले, तर तो खलाशी ‘सोडून दिलेला’ ठरतो. यांपैकी एक अट पूर्ण झाली तरी पुरते. इथे तिन्ही झाल्या आहेत. अशा वेळी चार महिन्यांपर्यंतचा पगार, परतीचा प्रवास आणि तोपर्यंतचा निर्वाह यांची हमी देणारा विमा जहाजावर असलाच पाहिजे आणि त्याचे प्रमाणपत्र सर्वांना दिसेल अशा जागी लावलेले असले पाहिजे. भाच्याने मेसरूममधल्या (जेवणाच्या खोलीतल्या) त्या प्रमाणपत्राचा फोटो पाठवला आहे. काचेवर उजेड चमकतो आहे, पण विमा कंपनीचे नाव, ईमेल आणि मुदतीची तारीख वाचता येते. ती मुदत याच महिन्याच्या अखेरीस संपते. मुदतीआधी विमा रद्द करायचा असेल, तर ज्या देशाचा झेंडा जहाजावर आहे त्याला कंपनीने किमान तीस दिवस आधी कळवावे लागते. त्यामुळे आज तरी हमी जिवंत आहे, असे मी धरून चाललो आहे. यात माझी चूक होत असेल तर कृपया लगेच सांगा.

माझी खरी अडचण पुढे आहे. झेंड्याच्या देशाने हा करार स्वीकारला आहे, पण बंदराच्या देशाने स्वीकारलेला नाही. मालक आणि झेंड्याचा देश दोघांनीही हात वर केले, तर बंदराचा देश किंवा खलाशाचा मायदेश त्याला घरी पाठवू शकतो आणि तो खर्च झेंड्याच्या देशाकडून वसूल करू शकतो, असे करारात म्हटले आहे. ‘पाठवू शकतो’ आणि ‘पाठवील’ यांतला फरक आयुष्यभर कागदांवर जपत आलो. तो घरातल्या मुलाच्या बाबतीत इतका जड वाटेल, असे कधी वाटले नव्हते.

झेंड्याचा देश कागदोपत्री या सर्वांचा पालक आहे. १९८२ च्या समुद्र कायदा कराराचे ९४ वे कलम त्याच्यावर आपल्या जहाजांवर परिणामकारक नियंत्रण ठेवण्याचे बंधन घालते आणि ९१ वे कलम जहाज व देश यांत ‘खरा संबंध’ असावा असे म्हणते. पण तो संबंध नसेल तर काय, याला धड उत्तर नाही. सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९९९ साली ‘सैगा’ जहाजाच्या खटल्यात सांगितले की, या अटीचा हेतू देशाने आपली कर्तव्ये पार पाडावीत हा आहे; दुसऱ्या देशांना नोंदणीच नाकारता यावी यासाठी ती अट नाही. जहाज-नोंदणीच्या अटी कडक करणारा १९८६ चा संयुक्त राष्ट्रांचा करार तर पुरेशा देशांनी न स्वीकारल्यामुळे आजवर अमलातच आला नाही. लायबेरियाच्या जहाज-नोंदणीचा कारभार अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून चालतो आणि समुद्रकिनाराच नसलेल्या मंगोलियाच्या झेंड्याखालीही जहाजे फिरतात. या व्यवस्थेत मालकाला लपणे फार सोपे आहे. मी झेंड्याच्या देशाच्या नोंदणी कार्यालयाला तीन ईमेल पाठवले. एकाचीही पोच आली नाही.

सहीची भीती वाटण्याचे कारण ‘एमव्ही अमन’चे प्रकरण आहे. इजिप्तमधील अदाबिया बंदरात अडकलेल्या या जहाजावर मोहम्मद आयशा हे सीरियन चीफ ऑफिसर होते. कॅप्टन किनाऱ्यावर असताना त्यांनी राखणदार म्हणून एका कागदावर सही केली आणि २०१७ पासून एप्रिल २०२१ पर्यंत ते त्या जहाजाला बांधले गेले. शेवटी आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या, स्थानिक प्रतिनिधीने राखणदारकी आपल्याकडे घेतली तेव्हा त्यांची सुटका झाली. हे वाचल्यापासून मी भाच्याला काहीही झाले तरी सही करू नकोस असे सांगितले आहे. पण सही न करता जहाज सोडले तर पगार बुडेल, असे एजंट त्याला सांगतो. माझ्या समजुतीप्रमाणे पगाराचा हक्क जहाजावरच बसतो आणि मालकाने जहाज विकले तरी टिकतो. आपल्याकडच्या २०१७ च्या सागरी दावे कायद्यात तो पहिल्या क्रमांकाचा हक्क मानला आहे आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. मात्र तो कायदा भारतीय पाण्यात आलेल्या जहाजाला लागू होतो, तिथल्या नव्हे.

भारतातला दरवाजाही अर्धाच उघडा आहे. ज्या मॅनिंग एजंटामार्फत, म्हणजे खलाशांची भरती करणाऱ्या एजंटामार्फत, तो गेला, त्याने दिलेला आरपीएसएल (खलाशी-भरतीचा परवाना) क्रमांक नौवहन महासंचालनालयाच्या यादीत दुसऱ्याच कंपनीच्या नावावर निघाला. तरीही मुंबईच्या त्या कार्यालयाकडे आणि बंदराच्या देशातल्या भारतीय वकिलातीकडे लेखी तक्रार केली आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटना मिळून सोडून दिलेल्या जहाजांची जी नोंदवही ठेवतात, तिच्यात कुटुंबाला थेट नोंद करता येत नाही. ती सरकार किंवा मान्यताप्राप्त संघटनेमार्फत करावी लागते. हे ज्यांनी आयटीएफमार्फत किंवा इथल्या खलाशी संघटनेमार्फत केले असेल, त्यांनी कोणते कागद लागले ते सांगावे. विमा कंपनीला खलाशाने स्वतः लिहायचे की पाचही जणांनी मिळून, आणि करारपत्राखेरीज पगार थकल्याचा कोणता पुरावा ते मागतात, हेही कळवावे. राखणदारकी नाकारताना न्यायालयाने दुसरा माणूस नेमावा अशी लेखी मागणी कुणी केली असेल, तर तिचा मसुदा पाहायला मिळाल्यास फार उपकार होतील. सही टाळणे अशक्यच झाले, तर तिच्याखाली मुदत आणि निषेध नोंदवल्याने काही संरक्षण मिळते का, हे सागरी कायद्याच्या वकिलांनी सांगावे. सल्ल्याची फी द्यायला आम्ही तयार आहोत.

आणि सगळ्यात आधी, पुण्यात अरबी कायदेशीर मजकूर नीट वाचू शकणारे कोणी असेल, तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा. कागदाच्या चारही पानांचे फोटो माझ्याकडे आहेत, मी शहरात कुठेही येईन. उद्या, रविवारी, आपल्या वेळेनुसार दुपारी साडेतीन ते साडेपाच जनरेटर चालू असेल आणि तेवढ्याच वेळात मला भाच्याशी बोलता येईल.